एक-चौदाचा उतारा

वाळपई, सत्तरी
१९ जानेवारी

प्रिय जयू,

तुझं पत्र चवथीच्या तिसऱ्या दिवशी आलं. गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी अजून उतरवली नव्हती, त्यातली कांगलां-घागऱ्यो सुकून खाली पडत होती, तेव्हा. आणि उत्तर लिहितोय आज. मधले चार महिने आळसात गेले असं तुझ्या वहिनीला सांगितलं. तुला तसं सांगून चालणार नाही, तू मला तिसरीपासून ओळखतोस. चार वेळा कागद पुढे घेतला आणि चारही वेळा 'स. न. वि. वि.' लिहून थांबलो. तुला कधी 'स. न. वि. वि.' लिहिलंय मी? तिथेच ओळखायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

आपलं हे पण एक विचित्रच. भेटलो की कोकणी, कागद समोर आला की मराठी. बाबल मास्तरांचा प्रताप. कोकणीतून मी तुला केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. फोनही दोनदा हातात घेतला होता.

प्रकृती ठीक. साखर आहे तितकीच आहे, उजवा गुडघा गेला, डावा वाटेवर आहे. संपलं.

तर झालं असं की आमच्या पोरांनी गावच्या फाट्यावर फलक लावायचं काढलं. शनिवार-रविवारी चोर्ल्याच्या घाटाने येणाऱ्या गाड्या थांबाव्यात, कुणाचं सोलकढीचं दुकान चालावं, असा हेतू. माझ्याकडे आले. "सर, दोन पानं द्या. इतिहास, संस्कृती, पाहण्यासारखी ठिकाणं. २६ जानेवारीला उद्‌घाटन." म्हटलं, तारीख बरी निवडलीत. तर म्हणतात, "सुट्टी असते ना सर." अरे, १८५२ साली याच तारखेला दीपाजी राणे पोर्तुगीजांवर उठला, नाणूसचा किल्ला घेतला! पोरांना ते ठाऊक नव्हतं असं नाही, दर वर्षी तिथे मानवंदना होते. पण सुट्टी जास्त पक्की ठाऊक होती.

पहिलं पान तासाभरात झालं. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, इथून सुरुवात. (तुझी पैज आठवली. 'सत्तर मोजून दाखव, नाहीतर भजी तुझ्याकडून.' भजी मीच दिली.) मग ब्रह्मा करमळी. पोर्तुगीज देवळं मोडायला लागले तेव्हा तिसवाडीतल्या करमळीच्या लोकांनी आपला ब्रह्मदेव उचलला आणि इतक्या आत, या रानात आणून ठेवला. सोबत गावाचं नावही आणलं. मूर्ती कदंबांच्या काळातली. हे लिहिताना तुझी सायकल डोळ्यांपुढे आली. चेन तुटली म्हणून तू रडलास आणि मी तुला वाळपईपर्यंत ढकलत आणलं. तू हे नेहमी उलटं सांगतोस. तुझ्या मुलांना खरं काय ते मी सांगितलेलं आहे.

धबधब्यांपाशी हात आखडला. चरावणे, हिवरे, पाली, तिन्ही नावं लिहिली, मग पालीचं खोडलं, मग पुन्हा लिहिलं, कारण न लिहून काय होणार? पावसात रविवारी ये एकदा आणि काय चाललंय ते बघ. आपण जिथे उघडे पोहलो तिथे आता अनवाणी पाय टाकता येत नाही, इतक्या काचा.

शिगम्याचं मात्र मनासारखं झालं. घोडेमोडणीचा नाच, रणमाल्याचं लोकनाट्य, आणि झर्म्याचा चोरोत्सव. पोरांपैकी एकाने त्याखाली 'थरारक' असं लिहून आणलं होतं. त्याला बसवून सांगितलं, बाबा, कुणाचं धड जमिनीत आणि डोकं वर, कुणाचं डोकं जमिनीत, हा सर्कशीचा खेळ नाही. चोर समजून निरपराध माणसं मारली गेली, त्याची ही आठवण आहे. गाव आपली चूक दर वर्षी स्वतःच्या हातांनी उकरून काढतो. असा उत्सव दुसरा कुठे असेल तर मला दाखव. पोरगा गप्प झाला. तू पहिल्यांदा ते पाहून भोवळ येऊन पडला होतास हे मी त्याला सांगितलं नाही. (सांगितलं.)

दोन ओळी पोरांनी खोडल्या. एक म्हादईच्या पाण्याची, २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी गेलं ती. दुसरी २०२० च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले ती. "सर, पर्यटक वाचणार." पर्यटकांनी वाचावं म्हणूनच लिहिलं होतं, पण असो. वाघ्रोची पूजा करणारी माणसं आपण, त्याचे दगड जागोजागी आहेत, ती ओळ त्यांनी ठेवली. दगडाच्या वाघाबद्दल कुणाची तक्रार नसते.

आणि मग बंडाशी येऊन अडकलो.

तसं लिहायला काय अवघड होतं? कर आणि पोशाखाचे जाच यांवरून दीपाजी उठला, १८५५ ला तह झाला. मग कुष्टोबा, तो १८७१ ला मारला गेला. मग १८९५, मराठा शिपाई आफ्रिकेत जायला तयार होईनात, त्यांच्या बंडात दादा राणे उतरले, आणि ते मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ फौज घेऊन आला. एवढ्या एका तालुक्यासाठी! हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, छाती फुगवून शिकवलं. तुझ्याशी मात्र याच विषयावर मी दीड वर्ष अबोला धरला होता, कॉलेजात असताना. गॅदरिंगच्या नाटकात तू दीपाजी झालास आणि मला पोतं वाहणारा केलंस. मी म्हटलं, का? तू म्हणालास, "कोणीतरी पोतं वाहिलंच असेल ना?"

वाहिलंच होतं रे. तेच तर. आमच्या व्हडलीमांयची, आजीची, गोष्ट तुला ठाऊक आहे, तिच्या आजेसासऱ्याचा बाप नाणूसला होता, तलवार घेऊन नव्हे, पाठीवर तांदूळ घेऊन. "बंड तांचें, पोतें आमचें," म्हणायची आणि हसायची. त्याचं नाव तिलाही माहीत नव्हतं. तुमच्या वाड्यातल्या तलवारीला नाव आहे.

(दीपाजी तुमच्याच घरातला, हे तू अजून सांगतोस का? तुझ्या काकांनी वंशावळ काढायला घेतली तेव्हा दोन पिढ्या जुळेनात, म्हणून ती कपाटात गेली. मी विसरलेलो नाही.)

आता खरी गोष्ट. आमच्या दिगूला जुन्या घरात होमस्टे काढायचा आहे. मातीच्या भिंती, शेणाची जमीन, मागे काजू, पुढे न्हंय, नदी. लोक त्याला पैसे देतात म्हणे. सुनेने हिशोब मांडला, दोन खोल्यांना न्हाणीघर जोडायचं, कौलं बदलायची. बँकेत गेला. साहेब भला माणूस, म्हणाला सगळं चांगलं आहे, फक्त एक-चौदाचा उतारा आणा (तुझ्या पुण्याकडचा सात-बारा). आणला. मी तो पहिल्यांदा नीट वाचला, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. ज्या घरात माझा, माझ्या बापाचा आणि त्याच्या बापाचा जन्म झाला, त्याच्या जमिनीपुढे तुझ्या आजोबांचं नाव. 'आणि इतर.' त्या 'इतर'मध्ये तू आहेस.

मला ठाऊक नव्हतं का? होतं. सत्तरीत ते कुणाला ठाऊक नाही? मोकाशाची जमीन (राण्यांना इनाम मिळालेली) आणि आल्वाराची जमीन (सरकारने कसायला दिलेली), हे शब्द आम्ही पाळण्यात ऐकले. १९६४ चा कूळ कायदा, ७५ चा मुंडकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांचा), कसेल त्याची जमीन म्हणून पणजीत फटाके वाजले. त्यातलं आमच्या वाड्यापर्यंत काय पोचलं? घाटातल्या धुक्यात चुकलं असावं कुठेतरी. २०२१ ला आयआयटीसाठी मोजणी करायला आले तेव्हा मेळावलीच्या बायका आडव्या आल्या, सरकारला ती जागा सोडावी लागली. तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. पण त्यांच्याही पोटातली भीती हीच होती, कसतो आम्ही आणि कागदावर कोण? टाळ्या वाजवताना मी स्वतःचा उतारा काढला नाही. का काढला नाही, ते तुला कळेल.

कारण तुझ्याशी याबद्दल कधीच बोलायचं नाही, हे आपण न बोलताच ठरवलं होतं. व्हडलीमांय खंडाची, जमिनीच्या मालकाला द्यायच्या वाट्याची, टोपली घेऊन तुमच्या मागल्या दारी यायची, मी तिचं लुगडं धरून. तांदूळ, केळ्यांचा घड, कधी मध. तुझी आजी आतून विचारायची, "खंड हाडला गो?" आणि तू त्या दारातून बाहेर उडी मारून मला घेऊन जायचास न्हंयवर. त्या घरात मी पुढल्या दाराने पहिल्यांदा आलो तो तुझ्या मुंजीला, आणि तेव्हाही तुझ्या आजीने मला ओसरीवर बसू दिलं नाही. तू तिच्याशी भांडलास. दहा वर्षांचा होतास. त्या भांडणावर मी तुला आजवर सगळं माफ केलं, पोतंसुद्धा.

वकील म्हणतो वारसांची इन्व्हेंटरी झालेलीच नाही, सह्या पुष्कळ लागतील, पण खाशांच्या, म्हणजे तुमच्या, घरातल्या एकाने केली की बाकीचे करतात. दिगू म्हणाला, "बाबा, जयूकाका तुमचे दोस्त ना? एक फोन." त्याला ते इतकं सोपं वाटतं याचा मला राग आला, आणि मग त्याचं बरोबर असेल या विचाराने झोप गेली. तुझी सही मागितली तर मी कूळ होतो. न मागितली तर मुलाच्या पोटावर पाय. आणि तू मी न मागता दिलीस तर त्याहून वाईट. मग आपलं भांडण कशावर होणार?

चार महिने हेच घोळवतोय. तुझी वहिनी म्हणते, "एवढें किते? जयूच मरे तो."

फलकावर शेवटी लिहिलं ते असं: 'दीपाजी राणे आणि त्यांच्यासोबत नावं न नोंदलेले सत्तरीचे कष्टकरी.' पोरांनी विचारलं, कष्टकरी म्हणजे कोण? म्हटलं, तुमचे आजे-पणजे. त्यावर एकाने फोनमध्ये फोटो काढून बापाला पाठवला. तुला ती ओळ खुपेल का? खुपली तर लिही, बदलणार नाही, पण लिही.

तुझ्या सानूच्या लग्नाचा फोटो पोचला, मुलगा शहाणा दिसतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींचा सांधेदुखीचा काढा इथे मिळतो, पाठवीन. तुझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या पाण्याच्या भानगडीबद्दल तू तीन पानं लिहिली होतीस, ती वाचली. म्हादईच्या माणसाला सांगावी अशी ती गोष्ट नव्हे.

उताऱ्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. वकिलाने दिलेला मसुदाही. व्हडलीमांयने टोपली मागल्या दारी ठेवली, मी हे टपालाने पुढल्या दारी पाठवतोय. सही करायची तर कर, भावंडांना विचारायचं तर विचार, नसेल जमत तर 'नाही' असं मराठीत लिही, शुद्ध.

काजूला मोहोर बरा आहे यंदा. धुकं फार पडलं नाही तर मार्चात भट्टी लागेल. हुर्राक पहिल्या धारेचा ठेवतो. मागच्या वेळी नेलेली बाटली परत आण, ती दिगूच्या सासऱ्याची होती.

तुझा,
विठू

ता. क. फलकावर 'सत्तर गावं' असंच लिहिलंय. मोजत बसू नकोस.