बीएमआय 'नॉर्मल', तरी मूल आजारी असू शकते

महोदय,

आरोग्य तपासणीत बीएमआय काढतात: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. 160 सेंमी उंचीच्या तरुणीचे वजन चार महिन्यांत 74 वरून 58 किलोवर आले, तर बीएमआय 28.9 वरून 22.7 होतो. कार्डावर 'नॉर्मल' लिहिले जाते, घरचे कौतुक करतात. पण हे 16 किलो उपाशी राहून उतरले असतील, तर हृदय, हाडे आणि पाळी या सगळ्यांनाच धोका असतो. बुलिमियात (भरपूर खाऊन मग उलट्या वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या, खाण्याशी निगडित मानसिक आजारात) तर वजन बहुधा नेहमीसारखेच दिसते. शिवाय बीएमआय 18.5 च्या खाली म्हणजे कमी वजन, ही रेषा मोठ्यांची. मुलांसाठी वय-लिंगानुसार वेगळे तक्ते आहेत.

लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत मुले घरापासून लांब राहतात. मेसचा डबा अर्धाच परत जातो का, भाकरीचे बारीक तुकडे नुसते ताटात फिरतात का, उपवास वाढलेत का, जेवण होताच मूल बाथरूममध्ये जाते का, हे रेक्टर आणि पालकांनी पाहावे. बोटांच्या सांध्यांवरचे चट्टे वारंवार उलट्या काढल्याची खूण असू शकते.

डॉक्टरांनी किती महिन्यांत किती वजन उतरले ते विचारावे, आडवे आणि उभे करून नाडी-रक्तदाब मोजावा. जागेपणी नाडी मिनिटाला 50 च्या खाली असेल, तर थांबू नये. उलट्या असतील तर पोटॅशियम आणि ईसीजी हवाच. आणि कळकळीची विनंती: फार दिवस उपाशी राहिलेल्याला घरी एकदम भरपेट जेवू घालू नका, रक्तातले फॉस्फेट घसरून जिवावर बेतते. मानसिक आधारासाठी टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

- एक आहारतज्ज्ञ, लातूर