नुसत्या पाट्यांनी वेग कमी होत नाही

महोदय,
अपघात झाला की रस्त्यावर सर्वांत आधी उगवते ती ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी. रुंद, सरळसोट रस्त्यावर ती वाचतो कोण? ताशी 30 ऐवजी 50 किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा जवळपास पावणेतीनपट असते; ब्रेक दाबल्यावर थांबायचे अंतरही त्याच हिशेबाने वाढते. म्हणून रस्त्याची रचनाच बदला. मार्गिका अरुंद करा, झेब्रा क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला आणा. काठी टेकत निघालेल्या आजी अर्ध्यावर पोहोचतात तोच सिग्नल बदलतो आणि हॉर्न सुरू! त्यांना दुभाजकात थांबायला जागा हवी. क्रॉसिंगलगतचे पार्किंग मात्र आजच हटवा. उभ्या गाडीआडून येणारे मूल चालकाला दिसतच नाही. हे पार्किंग हटवायला ना निधी लागतो, ना निविदा.

– एक पादचारी