बाबांच्या रिपोर्टमधला तो आकडा

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. बाबा, रिपोर्टमध्ये एनटी-प्रोबीएनपी 1400 आलंय आणि शेजारी नॉर्मल 125 च्या आत असं छापलंय, ते बघून तुम्ही किती घाबरलात ते तुमच्या आवाजावरूनच कळलं.

हृदयाच्या भिंतींवर ताण आला की तिथल्या स्नायूपेशी हे एनटी-प्रोबीएनपी नावाचं प्रोटीन रक्तात सोडतात, म्हणजे पंपावर किती लोड आहे ते यावरून कळतं. पण ते 125 मुख्यतः हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) नाहीये हे ठरवायला वापरतात, ज्यांना तुमच्यासारखा आधीच तो त्रास आहे त्यांचा आकडा त्याच्या वर असणं अगदी नेहमीचं आहे. शिवाय वयाप्रमाणे तो वाढतो, किडनी थोडी कमी काम करत असेल तरी वाढतो, ठोके अनियमित असले तरी वाढतो आणि जाड माणसांत उलट कमी येतो.

आता तुम्ही विचारलंत ना की यावरून पुढचं कळतं का. खोटं नाही सांगणार, कळतं, पण पेशंटच्या मोठ्या गटाबद्दल कळतं. ज्यांचा आकडा जास्त त्यांच्यात परत ॲडमिट व्हायचं आणि मृत्यूचंही प्रमाण जास्त दिसतं. एका माणसाचं काय होणार ते कुठलाच आकडा सांगू शकत नाही, आणि मला विचाराल तर एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चाललाय तेच जास्त बघायला हवं. ॲडमिट झालेल्या पेशंटमध्ये उपचारांनी हा आकडा 30 टक्क्यांहून जास्त उतरला तर ते चांगलं लक्षण मानतात आणि बाबा तुमचा ॲडमिट झालात तेव्हा 2600 होता!! म्हणजे जवळजवळ निम्मा झालाय, हे कुणी तुम्हाला सांगितलंच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एक मात्र लक्षात ठेवा, पुढच्या वेळी लॅबवाल्यांनी साधी बीएनपी टेस्ट केली तर तो आकडा याच्याशी लावून बघू नका, दोन्ही वेगळ्या आहेत. त्यात तुमच्या गोळीत सॅक्युबिट्रिल हे हार्ट फेल्युअरचं औषध आहे, त्याने बीएनपी वाढू शकतं, म्हणून एनटी-प्रोबीएनपीच करा असं सांगा, आणि जमलं तर त्याच लॅबमध्ये.

रिपोर्टमध्ये ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) किंचित वर आहे त्याबद्दल डॉक्टरांना विचारूया, जुन्या हार्ट फेल्युअरमध्ये ते थोडं वर राहू शकतं. पण छातीत दुखलं तर रिपोर्ट बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

आई, तू बाबांचं वजन रोज सकाळी लिहून ठेव. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, तेव्हा आकडा काय होता ते बघूच नको. आणि बाबा, आता बरं वाटतंय म्हणून कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, प्लीज.

जुन्या फाईलमधल्या सगळ्या रिपोर्टचे फोटो पाठवा, मी तारखेप्रमाणे एका कागदावर लावून देते, पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना तोच दाखवू.

तुमची,
ताई