आधी पिना पाहा, मग वेताळ

महोदय,
सुट्टीत माळे आवरले जातात आणि जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या अदलाबदलीला जोर येतो. १९६४ ते १९९० या काळातले हे अंक. घेणारे मुखपृष्ठावरचा वेताळ (म्हणजे फँटम, या कॉमिक्सचा नायक) बघूनच होकार देतात. खरी फसगत आतल्या पानांत असते. पिना गंजल्या की सगळ्यात आधी मधलं जोडपान सुटतं आणि हरवतं. म्हणून पानं मोजा, गोष्ट सलग लागते का ते वाचून पाहा. फोटो मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पिना आणि मधलं जोडपान, असे चारही मागवा. पेनाने लिहिलेलं नाव, कापलेलं कूपन देणाऱ्याने न विचारता सांगावं.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नका! काही वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो, डाग कायमचा राहतो.

पाठवताना अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन्ही बाजूंना बोटभर मोठे पुठ्ठे लावा. पुठ्ठा छोटा पडला की कोपरे दुमडलेच. पोचल्यावर मात्र ही पिशवी लगेच काढा; पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते आणि कागदाला बुरशी धरते.

– एक संग्राहक वाचक, पुणे