आई-बाबा, बाहुली बेतताना आधी हात आखा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

हातात घालायची बाहुली बिघडते ती बहुतेक कापड बेततानाच. बाहुल्या नाचवणार तुम्ही आणि नातवंडं समोर बसणार, तेव्हा माप तुमच्याच पंजाचं हवं.

आई, एरवी तर्जनी डोक्यात आणि अंगठा व मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत घालतात. तुझी बोटं आखडतात, म्हणून तू तर्जनी आणि मधलं बोट दोन्ही डोक्यात घाल, अंगठा आणि करंगळी हातांत. भार दोन बोटांवर वाटला जातो. तशी बोटं फाकवून पंजा कागदावर आख आणि भोवती 3 सेंमी सोड: 1 शिवणीसाठी, 2 पंजाच्या जाडीसाठी. इथे कंजुषी केली तर बाहुलीला टाळीसुद्धा वाजवता येत नाही. मनगटाखाली 15 सेंमी तरी कापड असू दे. जुनं सुती लुगडं उत्तम, सिंथेटिकमध्ये हात घामेजतो. काखेच्या वळणावर शिवणीच्या 2 मिमी अलीकडे थांबून कात्रे दे, नाहीतर उलटवल्यावर तिथे ओढ बसते. काखेत दुहेरी शिवण घाल, कापड पहिलं तिथेच उसवतं.

बाबा, डोकं तुमच्याकडे. शाडूचा संत्र्याएवढा गोळा घ्या. नाक-हनुवटी वाजवीपेक्षा मोठी काढा, कागदाखाली ती बुजतात. पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा द्या, म्हणजे माती चिकटणार नाही. मग खळ (मैद्याची चिकी) लावलेल्या कागदाचे सहा थर. कागद कापू नका, फाडा; फाटलेली कड एकमेकींत मिसळते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा दिला की कुठे राहिलं ते लगेच दिसतं. खळीला 1 वाटी मैदा, 4 वाट्या पाणी, पारदर्शक होईपर्यंत शिजवा. किडीसाठी तिच्यात मोरचूद घालतात ते मात्र नको, विषारी असतं आणि पोरं बाहुली तोंडात घालतात. दर दोन थरांनंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. कडक उन्हात वरचा कागद आक्रसतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते.

वाळल्यावर एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत आणि खाली मानेपर्यंत ब्लेडने कापा, माती काढा, दोन्ही भाग कागदी पट्ट्यांनी सांधा. मानेत पातळ पुठ्ठ्याची 6 सेंमी उंच नळी बसवा. ती आईच्या दोन्ही बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत घट्ट बसली पाहिजे, सैल झाली की डोकं गरगरतं. नळीच्या खालच्या कडेला सुतळीचे दोन वेढे फेविकॉलने चिकटवा.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर डोकं 80 ग्रॅमच्या आत ठेवा. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या दोऱ्यांवर लोंबतात, त्यांना झोक यायला वजन लागतं. आपली बाहुली बोटांवर तोलायची आहे, तिला हलकेपणच हवं. डोळ्यांची बुबुळं थोडी खाली रंगवा. बाहुली वर असते आणि मुलं खाली बसलेली असतात.

आई, झग्याचा गळा आत दुमडून गोधडीच्या दोऱ्याने धावदोरा घाल, सुतळीच्या वर ओढून गाठ मार. चिकटवू नकोस, म्हणजे झगा काढून धुता येईल. बाहुली डब्यात दडपली की नाक चेपतं. रिकाम्या बाटलीवर उभी ठेवा.

तुमची,
सुमी