मंत्रीसाहेब, नदीवरची मोटार काढण्यापुरता तरी वेळ द्या

मा. जलसंपदा मंत्री, कर्नाटक सरकार यांस,

साहेब नमस्कार. मी निपाणी तालुक्यातला, दूधगंगाकाठचा शेतकरी. आमच्या वरची सगळी मोठी धरणं महाराष्ट्रात, कोयना 105 टीएमसी (अब्ज घनफूट), वारणा 34, काळम्मावाडी 25, राधानगरी 8 च्या वर, वेदगंगेवर पाटगाव, आणि खाली तुमचं 123 टीएमसीचं अलमट्टी. मधी आम्ही. 2005, 2019, 2021 सगळे पूर अंगावर घेतलेत.

काळम्मावाडीचं पाणी सरळ आमच्या नदीत येतं हे कुणालाही कळतं. पण राधानगरी भरलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट पाणी), ते पाणी भोगावती, पंचगंगा करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं, कृष्णेत कोयना-वारणेचं आधीच आलेलं असतं, मग कृष्णा एवढी चढते की कल्लोळला, जिथं दूधगंगा कृष्णेला मिळते, तिथं तिला आत शिरायला जागाच मिळत नाही आणि आमचं पाणी मागं फुगत येतं. म्हणजे काळम्मावाडीचा विसर्ग कमी असला तरी कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली! बातम्यांत मात्र एकेका धरणाचा सुटा आकडा, त्यावरून आम्ही काय समजायचं?

नदीवरची मोटार, केबल, पाइप सोडवून वर ओढायचं म्हणजे चार-पाच माणसं आणि ट्रॅक्टर लागतो, अर्धा दिवस जातो. पाणी रात्रीत चढलं की मोटार गेलीच. उसाचं पण तसंच, बुडका पाण्यात असला तर ऊस एकवेळ तग धरतो पण शेंड्याच्या पोंग्यात गाळ शिरला की आतून कुजतो, मग कितीबी खत घाला काही उपयोग नाही.

अलमट्टीची उंची 519 मीटरवरून 524 करायचा वाद दोन्ही सरकारं लढताहेत, तो कधी मिटायचा तेव्हा मिटू दे. माझं मागणं साधं आहे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याकडून सगळ्या धरणांचा विसर्ग एकत्र घ्या, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी येतंय ते बघा, आणि कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज यातला कुठला बंधारा साधारण किती वाजता बुडणार हे नदीकाठच्या प्रत्येक गावाला आधी कळवा. मेसेज कन्नडमध्ये पाठवा तसा मराठीतही पाठवा, आमच्याकडं घरोघरी म्हातारी माणसं मराठीच वाचतात. आणि रात्री विसर्ग वाढणार असेल तर मेसेजवर भागवू नका, पंचायतीच्या स्पीकरवरून दिवस मावळायच्या आत पुकारा.

जूनच्या आधी एवढं कराच साहेब.

आपला,
दूधगंगाकाठचा एक शेतकरी