एकच लिव्हर रिकामा आहे, भावा

कोल्हापूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

भावा,

तुझे दोन मेसेज तसेच पडून आहेत, उत्तर दिलं नाही ते मनाला लागून राहिलंय. आईचा गुडघा बरा आहे, माझी शुगर ठीक आहे. तो विषय संपला. आज लिहितोय कारण काल जे झालं ते घरात कुणाला सांगून कळायचं नाही.

काल अण्णांकडं भजनाला पेडल स्टील घेऊन गेलो, तीच माझी आडवी गिटार, तारांवर बार सरकवून वाजवायची आणि पायातल्या पेडलांनी, गुडघ्याच्या लिव्हरनी एकेका तारेचा सूर बदलायची. अण्णांची पट्टी तीच, काळी एक, म्हणजे माझा बार नवव्या फ्रेटवर. भूपातला अभंग चाललेला. मी सा आणि पंचम एकत्र छेडले आणि डाव्या पायानं पहिलं पेडल हळूहळू दाबत गेलो. पंचम सरकत सरकत धैवतावर गेला आणि सा जागचा हलला नाही, बार तिथल्या तिथं. अण्णांनी पेटी थांबवली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "परत." अण्णा कुणाला परत म्हणालेले तू कधी ऐकलंयस का?

आपण ऑर्केस्ट्रात बिनपेडलची हवाईयन गिटार वाजवायचो तेव्हा बार सरकला की सगळ्या तारा सरकायच्या, बार तिरका धरून थोडंफार जमायचं तेवढंच. तुझं कायम एकच, "हातात बार आहे की, पाय कशाला?" केशवराव भोसले नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला यावरून भांडलो होतो, आणि मी बोलत होतो तोवर माझा वडा तू खाल्लास, ते मी विसरलेलो नाही. १९५४ मध्ये गाजलेल्या, अमेरिकेतल्या वेब पिअर्सच्या गाण्यात बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तिकडचे स्टीलवाले त्या आवाजामागं वेडे झाले. काल मला कळलं का ते.

आता खरी काळजी. माझ्या गिटारला तीन पेडलं आणि दोन नी-लिव्हर आहेत (हा नी म्हणजे इंग्रजीतला गुडघा, सूर नव्हे). ट्यूनिंग ई-नाईन, दहा तारा. सुट्या तारांवर ई म्हणजे पांढरी तीनचा सा धर. पहिलं पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेचा पंचम धैवत करतं, दुसरं तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा ग शुद्ध म करतं, तिसरं चौथ्या तारेचा सा रे वर नेतं आणि पाचवीचा पंचम धैवतावर. एक लिव्हर चौथ्या-आठव्या तारेचा सा कोमल रे करतो, आणि हाच लिव्हर पहिल्या पेडलबरोबर दाबला की तीन फ्रेट पुढं तोच मेजर कॉर्ड परत मिळतो. दुसरा लिव्हर नुसता लोंबतोय, तार ओढणाऱ्या त्याच्या सळ्याच आल्या नाहीत. उद्यमनगरातला आपला लेथवाला करून देतो म्हणतोय, पण विचारतो, "साहेब, कुठली तार ओढायची ते ठरवा." आणि मला महिनाभर ठरवता येईना.

सा चा नी करू, का पंचमाचा तीव्र म?

तू फोनवर लगेच बोललास, तीव्र म, यमन. मलाही तेच वाटायचं, यमन म्हटलं की जीव तिकडंच जातो. मग मी एक वही केली. वाजवताना पाय किंवा गुडघा ज्या सुराकडं आपोआप जायचा आणि तिथं काही नसायचं, तिथं एक रेघ. महिन्यात नी ला ३१ रेघा, तीव्र म ला ९. म्हटलं माझी सवयच तशी असेल, म्हणून आठवडाभर नुसता यमन वाजवला. तरी नी पुढंच. मग लक्षात आलं, तीव्र म मला बहुतेक एकटा लागतो, आणि एकट्या सुराला बार पुरतो. तुझंच वाक्य ना हे! नी घेताना मात्र खाली पंचम आणि रे थांबलेले हवे असतात. सा अर्धा सूर उतरला की पाचवा कॉर्ड, म्हणजे पंचमावरचा, बार न हलवता समोर, त्यात दुसरं पेडल दाबलं की त्याचाच सेव्हन्थ कॉर्ड. भावगीताचा मुखडा परत येताना हे किती वेळा लागतं तुला माहिताय.

काल अण्णांकडं तेच झालं. शेवटी, भूप संपल्यावर, सा वरून नी ला जायचं होतं, गुडघा डावीकडं गेला, रिकामा लिव्हर हलला आणि काहीच झालं नाही. तो गुडघा तसाच हवेत राहिला बघ.

सळया साध्या आहेत, टोकाला नायलॉनचं नट, त्यावर सूर लावायचा. अडचण स्प्रिंगची. तार उतरवायची म्हणजे स्प्रिंगनं परत जागेवर आणायची, स्प्रिंग ढिली पडली की सा परत येतो तो किंचित उतरलेलाच. चौथ्या तारेवर तर आता तीन बदल होणार, कोमल रे, रे आणि नी. मंगळवारी मी लेथवाल्याकडं ट्यूनर घेऊनच बसणार आहे.

पोरीचा दहावीचा निकाल कळला, शाबास म्हण तिला. नव्या घराचे फोटो बघितले, गॅलरी झकास आहे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा जुना बार माझ्याकडंच आहे, तो गोल टोकाचा. दिवाळीला आलास की नी तू वाजवायचा, गुडघा माझा नको, तुझा. तीव्र म वरून भांडायचं असलं तर वडे दोन घेऊ.

तुझाच,
मी